डिस्क बदलण्याआधी हब घासा

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक एकच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. शहरात गाडी ठीक चालते, पण समृद्धीवर शंभराच्या पुढे असताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये सांगतात, ब्रेकची डिस्क वाकली, दोन्ही बदला. लोक बदलतात. काही हजार किलोमीटर गाडी छान चालते, आणि मग तीच थरथर परत सुरू होते.

माझी उभी हयात नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर गेली, म्हणून हे पोटतिडकीने सांगतो. रोजच्या वापरात ओतीव लोखंडाची डिस्क सहसा वाकत नाही. ती हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, तिरपी बसलेली असते. डिस्क आणि हबच्या मध्ये गंजाची खपली राहिली की डिस्कची कड प्रत्येक फेऱ्यात थोडी डावी-उजवी हलते. ब्रेक दाबलेला नसतानाही तिची एकच जागा पॅडला घासत राहते आणि तिथे ती झिजून पातळ होते. पायाला जाणवेल इतका फरक पडायला जाडीत १५-२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमीजास्त झाले तरी पुरतं. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. नवी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर चढवली की तोच खेळ पहिल्यापासून सुरू.

आधी रोग ओळखा. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर टायर आणि बॅलन्सिंग बघा, डिस्कला हात लावू नका. ब्रेक दाबल्यावरच स्टीअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्क. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुतेक कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन जाम आहे. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको.

कामाला सपाट काँक्रीटची जागा घ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपल्याकडे डांबर मऊ पडतं आणि जॅकचा पाय आत रुततो. डांबरावरच करायचं असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच. मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी उचलली की खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हे मी कोणालाही करू देत नाही.

चाक काढलं की कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट गोटी पान्याने सोडवा. कॅलिपर पाइपावर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, ३ मिलिमीटरपर्यंत आला असेल तर पॅड बदला. नवी डिस्क टाकत असाल तर पॅड नवेच टाका, जुन्यांवर जुन्या डिस्कच्या चऱ्या उमटलेल्या असतात. पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता मापं. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. हवेची पोकळी असलेल्या डिस्कमध्ये तो नव्या जाडीपेक्षा साधारण दोन मिलिमीटरने कमी असतो. मायक्रोमीटरने कडेपासून सेंटीमीटरभर आत, गोल फिरत सात-आठ ठिकाणी जाडी घ्या. व्हर्नियर नको, कडेला उरलेल्या उंचवट्यावर तो टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान आकड्याच्या खाली गेली किंवा मधल्या भोकांपासून तडे दिसले तर डिस्क भंगारात. जाडी शिल्लक असेल तर लेथ मारून घेता येते. पण टर्नरला एक गोष्ट सांगा: डिस्कचा हबवर बसणारा चेहरा आधी साफ कर, मगच चकमध्ये धर. तो चेहरा खरा नसेल तर आम्ही कितीही बारीक कट घेतला तरी आऊट, म्हणजे फिरताना डिस्क डावी-उजवी हलते ते माप, तसाच राहतो.

डिस्क हबला चिकटून बसली असेल तर घणाचे घाव घालू नका. पुष्कळ डिस्कच्या टोपीवर आटे असलेली दोन भोकं असतात, बहुधा ८ मिलिमीटरच्या बोल्टची. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळत गेलं की डिस्क आपसूक सुटते.

आणि आता हब. इथे वेळ द्या. गंजाचा जाड थर तारेच्या ब्रशने निघतो, पण स्टडच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या) बुडाशी आणि मधल्या गोल उंचवट्याच्या कोपऱ्यात खपली चिकटून राहते, ती डोळ्याला दिसत नाही. बोटाचं नख फिरवा, अडकलं की कळतं. तिथे पॉलिश पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून घासा, उजळ लोखंड दिसेपर्यंत. हबपेक्षा डिस्कचा घेर मोठा, म्हणून आतली चूक कडेला दीड-दोन पट होऊन निघते. शेजारचा पोरगा नवी डिस्क बसवून आला होता, म्हणे, "काका, डिस्क तर नवीनच हाय, मंग काऊन थरथरते?" डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काटेवालं माप, लावला तर आऊट १२० मायक्रॉन. डिस्क उतरवून हब घासला, तीच डिस्क परत चढवली, ४० वर आला.

नवी डिस्क येते तेव्हा तिला गंजरोधक तेल लागलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पूर्ण धुवा, पेट्रोल-रॉकेलने नको. डिस्क चढवून चाकाचे नट वॉशर घालून आवळा, डायल गेज कडेजवळ टेकवा आणि एक पूर्ण फेरा फिरवा. आऊटची मर्यादा गाडीप्रमाणे ५० ते १०० मायक्रॉन असते, मी पन्नासच्या आत आल्याशिवाय सोडत नाही. जास्त आला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच उतरतो. दोन्ही बाजूंच्या डिस्क एकदम बदला.

कॅलिपरच्या पिना या वेळी काढून बघाच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीच्या पिना वरून ठीक दिसल्या तरी रबराच्या आत गंज धरून बसतात. बोटाने ढकलल्यावर पिन सहज सरकली पाहिजे. पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू मागे दाबा. तेव्हा टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, ते सांडलं तर रंग खातं.

ब्रॅकेट (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) आणि कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानेच आवळा. चाकाचे नट हाताने बसवून टॉर्क पान्याने समोरासमोर आवळायचे. बहुतेक लहान गाड्यांत आकडा १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. पंक्चरवाल्याच्या एअर गनने एक नट जास्त, एक कमी आवळला जातो आणि घासून-पुसून बसवलेली डिस्क पुन्हा तिरपी होते. स्टेफनी बदलल्यावरही हेच लागू.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबा. पहिले काही दाब थेट खाली जातात.

मग सकाळी लवकर मिहानकडचा मोकळा रस्ता गाठा. ताशी पन्नासवरून दहापर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. समृद्धीवर हे करू नका, मागून येणारा शंभराने येत असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. लांबून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर पाइपाचं पाणी मारू नका.

शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. त्याच दिवशी, फारसा ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर चालवून या आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरा. डिस्कला हात लावू नका, नुसती झळ बघा. एका बाजूला जास्त लागली तर त्या बाजूची पिन परत उघडा.