जुनं फ्रेंच वाढपाचं सामान : चांदी की मुलामा, कसं ओळखायचं

सूपचा डाव, मासळी वाढायचा सुरी-काटा, केकचा उलथना, साखरेचा चिमटा. पॅरिसला लागून असलेल्या सँत-उआँच्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन लिलावात असा माल 'चांदी' म्हणून समोर येतो. त्यावर 'लोहचुंबक लावून बघा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मुलाम्याखाली बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदी अजिबात नाही) नाहीतर पितळ असतं आणि चांदीप्रमाणेच या दोन्हींना चुंबक धरत नाही. आम्लाचा थेंब टाकू नका, डाग कायमचा राहतो.

१. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, उजेड तिरका पाडा. ठशात मळ असेल तर मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी.

२. आधी कारागिराचा ठसा शोधा. आतली अक्षरं नंतर वाचा, चौकटीचा आकार आधी बघा. उभा शंकरपाळी आकार असेल तर चांदी, चौरस असेल तर मुलामा. ही फ्रेंच कायद्यातली विभागणी १७९७ पासूनची आहे. निम्मा माल इथेच बाजूला पडतो.

३. आता सरकारी ठसा. लोक अडकतात ते इथेच. १८३८ पासून तो शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा या रोमन देवीच्या डोक्याचा आहे. जुन्या वस्तूवर कपाळासमोर १ चा आकडा असेल तर हजारात ९५० भाग चांदी. हनुवटीखाली २ असेल तर ८००. अडचण अशी, की ठसा मोहरीएवढा आणि आकडा घासून गेलेला. अशा वेळी आकड्याचा अंदाज बांधत बसू नका, चौकटीची कड बघा. पहिल्या प्रतीची चौकट आठकोनी असते; दुसऱ्या प्रतीची कडेला फुगीर, पिंपासारखी. देवी अजिबात दिसत नसून म्हाताऱ्याचं डोकं दिसलं तर वस्तू १८१९ ते १८३८ मधली, कोंबडा दिसला तर त्याहून जुनी. चिमट्यासारख्या लहान वस्तूंवर रानडुकराचं डोकं किंवा खेकडा असतो. तीही चांदीच, किमान ८०० ची.

एवढ्यावर पैसे मोजू नका. दांडी उलटी करून ठशाच्या बरोबर मागची जागा भिंगाखाली धरा. फ्रान्समध्ये ठसा मारताना वस्तू ज्या ऐरणीवर ठेवत, तिच्यावर बारीक किडे कोरलेले असत. एकाच घावात पुढे देवी आणि मागे किड्यांच्या पायांची-पंखांची नक्षी उमटे. पुढे ठसा ठळक आणि मागे गुळगुळीत असेल, तर मला तो सौदा नको. मागची बाजू घासून-पॉलिश करून नक्षी गेली असेल, हे शक्य आहे. पण मग किंमतही त्या हिशेबाने पाडा. बंद पोकळ मुठीवर मात्र ही खूण शोधू नका, तिची मागची बाजू आतच राहते.

४. '८४' वाचून हुरळू नका. रशियन चांदीवर ८४ म्हणजे हजारात ८७५ भाग. फ्रेंच काट्या-चमच्यांवर चौकोनातलं ८४ म्हणजे बारा काटे आणि बारा चमचे मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली, नगाला साडेतीन ग्रॅम. विकणारे हा घोळ सर्रास घालतात, काही मुद्दाम. 'मेताल ब्लां' (म्हणजे पांढरा धातू), 'आल्फेनीद' (तसाच एक मिश्रधातू) किंवा मुलाम्याच्या मालासाठी प्रसिद्ध क्रिस्तोफ्ल कंपनीचं नाव दिसलं तर बहुधा मुलामाच. तो झिजलाय का हे डावाच्या तळाला आणि काट्याच्या टोकांना बघा. पिवळट किंवा राखाडी धातू आधी तिथेच उघडा पडतो.

५. कापायच्या सुरी-काट्याची मूठ चांदीच्या पातळ पत्र्याची आणि आत राळेचं भरण, पातं पोलादाचं. वजनावर भाव सांगत असतील तर सरळ नाही म्हणा. हीच जोडी कढत पाण्यात टाकलीत तर राळ मऊ होते आणि पातं मुठीतून सुटतं. कोमट पाण्यात फक्त पातं धुवा, लगेच पुसा.

६. ठेवताना मऊ सुती कापडात गुंडाळा. रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळे पट्टे उमटतात. आणि सॅलडच्या चमच्याला हस्तिदंती मूठ असेल तर ती वस्तू तिथेच राहू द्या. भारतात आणणं म्हणजे वन्यजीव कायद्याशी गाठ.