विज्ञानकल्पित मालिकेचे विश्लेषण : काय बदलले आणि काय तसेच राहिले

कोल्हापुरात माध्यम अभ्यास शिकवताना एक अनुभव मला वारंवार येतो. विज्ञानकल्पित मालिकेचा पहिला भाग वर्गात दाखवून संपला की मागच्या बाकावरून पहिला प्रश्न येतो, "सर, हे खरोखर शक्य आहे का?" हा प्रश्न चांगल्या संस्कारातून आलेला आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ मध्ये याच शहरात झाला, आणि त्यांच्या कथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला कल्पनेमागचे विज्ञान पारखून घेण्याची सवय असते. परंतु माध्यम अभ्यासाच्या प्रकल्पात या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. तेथे विचारायचे असते ते असे की, मालिकेने आपल्या ओळखीच्या जगातली नेमकी कोणती गोष्ट बदलली, कोणत्या गोष्टी तशाच राहू दिल्या, आणि त्या तशाच राहिलेल्या गोष्टींमधून ती कोणत्या समाजाविषयी बोलते आहे. पुढील सर्व विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

उदाहरणासाठी मी 'ह्यूमन्स' ही ब्रिटिश मालिका घेतो. चॅनेल फोर या वाहिनीवर ती जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१८ पर्यंत तिचे प्रत्येकी आठ भागांचे तीन हंगाम झाले. सॅम व्हिन्सेंट आणि जोनाथन ब्रॅकली हे तिचे लेखक. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये प्रसारित झालेल्या एका मालिकेवर ती आधारलेली आहे. तिच्यातील जगात 'सिंथ' नावाचे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव घरकामाला, रुग्णसेवेला, कारखान्यात आणि शेतात सर्रास वापरले जातात. हॉकिन्स कुटुंबातील जो हा नवरा, बायको लॉरा कामानिमित्त परगावी असताना, तिला न विचारता एक सिंथ विकत आणतो. स्त्रीच्या रूपातील या सिंथचे नाव धाकटी मुलगी सोफी अनिता ठेवते. प्रकल्पासाठी पहिला भाग पुरेसा आहे. संपूर्ण हंगाम एका प्रकल्पात बसवू पाहणारा विद्यार्थी शेवटी कथासार लिहून मोकळा होतो.

भाग किमान तीन वेळा पाहावा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने. पहिल्या वेळी वही-पेन बाजूला ठेवून सामान्य प्रेक्षकासारखे पाहावे आणि संपल्यावर लगेच, दुसऱ्या कोणाशी बोलण्यापूर्वी, आपल्याला कोठे अस्वस्थ वाटले, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, हे दहा ओळींत लिहून ठेवावे. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते, कारण तिसऱ्या वेळेपर्यंत ती पहिली प्रतिक्रिया आपण विसरलेलो असतो. दुसऱ्या वेळी आवाज पूर्ण बंद करून केवळ चित्र पाहावे. कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, चौकटीत कोण मध्यभागी आहे आणि कोण कडेला ढकलले गेले आहे, प्रकाश कोणत्या रंगाचा आहे, कट केव्हा पडतो, हे तेव्हाच नीट दिसते. तिसऱ्या वेळी पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे. पहिल्या हंगामाचे संगीत क्रिस्तोबाल तापिया दे वीर यांचे आहे, आणि ते कोणत्या प्रसंगात अजिबात वाजत नाही, याचीही नोंद वाजणाऱ्या जागांइतकीच काळजीपूर्वक करावी. प्रत्येक नोंदीसमोर मिनिट आणि सेकंद लिहावेत.

त्यानंतर वहीच्या एका कोऱ्या पानावर उभी रेघ ओढून दोन रकाने करावेत. डावीकडे 'काय बदलले' आणि उजवीकडे 'काय तसेच राहिले' असे लिहावे. विज्ञानकथेचे अभ्यासक दार्को सुविन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या विवेचनात 'नोव्हम' हा शब्द मध्यवर्ती आहे. कथेतील जगाला वाचकाच्या जगापासून वेगळे करणारी, पण तर्काच्या आवाक्यात राहणारी नवी गोष्ट म्हणजे नोव्हम. 'ह्यूमन्स'मध्ये डावा रकाना एका ओळीत संपतो, कारण तेथे सिंथ सोडले तर जवळजवळ काहीच नवे नाही. उजवा रकाना मात्र पान भरून पुढे जातो. घर आजचे, मोटारी आजच्या, स्वयंपाकघर नेहमीचे, नवरा-बायकोत न बोललेले बरेच काही, आणि घर आवरण्याची जबाबदारी कोणाची यावरचा ताणही जुनाच. माझ्या मते प्रकल्पाचा खरा ऐवज या उजव्या रकान्यात असतो. अवकाशयाने आणि परग्रह असलेल्या मालिकेत डावा रकाना मोठा भासतो, पण तेथेही यानावरील अधिकाराची उतरंड आणि आज्ञा देणारा-पाळणारा यांचे नाते उजव्या रकान्यातच लिहावे लागते.

येथे शब्दाच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मधील नाटकातून 'रोबोट' हा शब्द जगभर गेला, आणि तो ज्या 'रोबोटा' या चेक शब्दावरून घडला त्याचा अर्थ जमिनदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम, म्हणजे आपल्या भाषेत वेठ. ज्या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी वेठबिगारीची प्रथा बंद केली, तेथील विद्यार्थ्याला हा अर्थ कळण्यासाठी परभाषेतील कोशाची गरज पडू नये. यंत्रमानवाची कथा जन्मापासूनच कष्टाची कथा आहे. काम कोण करतो, त्याला मोबदला काय मिळतो, आणि तो थकला किंवा बोलला तर त्याचे काय होते, हे प्रश्न तिच्यात आधीच पेरलेले असतात. म्हणून सिंथ दिसलेल्या प्रत्येक दृश्यासमोर 'येथे कोणते काम चालू आहे?' एवढे विचारून उत्तर लिहावे. ही सवय लागली की विश्लेषण आपोआप पुढे सरकते.

आता एकच दृश्य निवडून त्यावर थांबावे. मी सोफीच्या झोपण्याच्या वेळचा प्रसंग सुचवतो. लॉराला मुलीला गोष्ट वाचून दाखवायची आहे. सोफीला मात्र अनिताने वाचावे असे वाटते, कारण अनिता घाई करत नाही. या प्रसंगात कोणताही तांत्रिक चमत्कार नाही, तरीही मालिकेचा गाभा येथे उघडा पडतो. लॉराचे भय यंत्र आईपेक्षा हुशार किंवा बलवान आहे याचे नाही. त्याच्याकडे वेळ आहे आणि तिच्याकडे नाही, हे तिला बोचते. नोकरी करणाऱ्या स्त्रीचा अपराधभाव दाखवण्यासाठी लेखकांनी यंत्रमानव वापरला आहे. असा प्रसंग सापडल्यावर चौकटीकडे परत जावे. आई, मुलगी आणि अनिता यांच्यातील अंतर किती आहे, उंबऱ्याबाहेर कोण आहे, कोणाचा चेहरा जवळून दिसतो आणि तो किती वेळ टिकतो, हे मोजून लिहावे. थोरली मुलगी मॅटी हिचेही असेच. डॉक्टर होण्यासाठी वर्षानुवर्षे अभ्यास करायचा आणि तेच काम सिंथ काही क्षणांत शिकणार असेल तर कशासाठी, हा तिचा युक्तिवाद आहे. राजारामपुरीत 'नीट'च्या शिकवणीला जाणाऱ्या मुलांना तो शब्दशः कळतो, आणि तो कळतो म्हणूनच त्यावर लिहिताना भावनेबरोबर पुरावाही द्यावा.

अभिनयाकडे मराठी विद्यार्थी, नाटकाची परंपरा पाठीशी असूनही, आश्चर्यकारकरीत्या कमी लक्ष देतात. सिंथची भूमिका करणाऱ्या कलाकारांना हालचालींचे स्वतंत्र प्रशिक्षण दिले गेले होते. एकही अनावश्यक हालचाल नाही, हातवारे नाहीत, मान आणि नजर यांची ठरावीक गती आणि डोळ्यांत हिरव्या रंगाच्या लेन्स, एवढ्या सामग्रीवर जेम्मा चॅन यांची अनिता उभी आहे. संगणकीय करामतींपेक्षा देहबोलीवर भिस्त ठेवण्याचा हा निर्णय जितका कलात्मक आहे तितकाच खर्चाशी निगडित आहे, आणि दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला त्या शहरात साधनांची मर्यादा आणि कल्पकता यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागू नये.

स्त्रीप्रतिमेचा मुद्दा टाळता येत नाही. घरकामासाठी आणलेली सिंथ तरुण आणि सुंदर का आहे, आणि तिच्याबरोबर प्रौढांसाठीचा एक वेगळा पर्यायही का दिला जातो, हे विचारलेच पाहिजे. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या निबंधात मांडलेली पुरुषी नजरेची, म्हणजे पडद्यावरील स्त्रीकडे पुरुषाच्या दृष्टीने पाहायला लावण्याची, संकल्पना येथे लागू पडते, पण ती लावताना एक दक्षता घ्यावी. मालिका ती नजर केवळ वापरते की ती नजर प्रेक्षकाला दाखवून देऊन प्रश्नात उभी करते, याचा निर्णय दृश्याच्या पुराव्यावर करावा. माझे मत असे की ती दोन्ही करते, आणि कोठे एक थांबून दुसरे सुरू होते हे शोधण्यातच या मुद्द्याचा कस लागतो. सिद्धान्ताचे नाव लिहून पुढे निघून जाणे ही आमच्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक आहे. एक सिद्धान्त नीट वापरलेला असेल तर परीक्षकाला दुसरा हवा नसतो.

निवृत्त शास्त्रज्ञ जॉर्ज मिलिकन आणि त्याचा जुना, बिघडत चाललेला सिंथ ओडी यांचे उपकथानक द्वंद्वांच्या अभ्यासासाठी वापरावे. मानव आणि यंत्र, स्मृती आणि साठवण, जिव्हाळा आणि सेवा अशा परस्परविरोधी जोड्या मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस यांच्या पद्धतीने मांडल्या, तर असे दिसते की मालिका त्या जोड्या उभ्या करून पुन्हा मोडते. जॉर्जची स्वतःची आठवण दगा देते, आणि त्याच्या दिवंगत पत्नीच्या आठवणी ओडीकडे आहेत. ओडीच्या जागी नवे यंत्र आणण्याचा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेला मात्र यातले काहीच दिसत नाही.

उद्योगाविषयीचे प्रकरण थोडक्यात पण अचूक असावे. चॅनेल फोर १९८२ मध्ये सुरू झाले. ते सार्वजनिक मालकीचे असले तरी प्रामुख्याने जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते. 'ह्यूमन्स' कूडोस या निर्मितीसंस्थेने तयार केली आणि अमेरिकेतील एएमसी ही वाहिनी निर्मितीत भागीदार होती, म्हणजे दोन देशांच्या प्रेक्षकांचा विचार पहिल्या दिवसापासून होता. सर्वांत बोलके उदाहरण प्रसिद्धीचे आहे. मालिका सुरू होण्यापूर्वी 'पर्सोना सिंथेटिक्स' या काल्पनिक कंपनीची जाहिरात खऱ्या उत्पादनाची असावी तशी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, आणि लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तिचे दुकान असल्याचा देखावा उभारला गेला. जाहिरातीवर जगणाऱ्या वाहिनीने जाहिरातीच्याच भाषेत आपली काल्पनिक कथा विकली, आणि ती कथा वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या देहांची आहे. या गुंत्यावर एक पूर्ण परिच्छेद खर्च करावा.

प्रेक्षकांचा विचार करताना मात्र विद्यार्थ्याने कोल्हापुरातच बसून लिहावे, लंडनमधील प्रेक्षक असल्याचा आव आणू नये. माध्यम व संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, काही अंशी स्वीकारून आपल्या अनुभवाशी जुळवून घेतो, किंवा नाकारतो. ब्रिटिश मध्यमवर्गीय घरात दिवसभर वावरणारी मदतनीस ही आज नेहमीची बाब नाही, त्यामुळे अनिताचे घरात येणे तेथे विचित्र वाटते. आपल्याकडे धुणीभांडी करायला मावशी येतात, त्यांच्या चहाचा कप पुष्कळ घरांत अजूनही वेगळा असतो, आणि घरकाम करणाऱ्यांसाठी कल्याण मंडळ स्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्राने २००८ मध्ये केला. ही पार्श्वभूमी असलेला प्रेक्षक अनिताकडे पाहताना यंत्राआधी मोलकरीण पाहतो. वर्गात एका विद्यार्थिनीने सांगितले की तिची आई लोकांच्या घरी काम करते आणि अनिताला कोणी "जेवलीस का?" असे विचारत नाही हे तिला पहिल्या दहा मिनिटांत खटकले. सिंथ जेवत नाही हे तिला ठाऊक होते. तरीही तिचे वाचन हॉल यांच्या दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे, आणि असे वाचन फक्त त्या घरातूनच येऊ शकते. म्हणून घरातील किंवा शेजारच्या तीन-चार वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना तोच प्रसंग दाखवून त्यांची प्रतिक्रिया, त्यांची परवानगी घेऊन आणि नाव न देता, त्यांच्याच शब्दांत टिपावी.

लेखनाच्या वेळी प्रत्येक परिच्छेदात विधान, पुरावा आणि त्याचा परिणाम हे तिन्ही असावेत. 'दिग्दर्शकाने प्रकाशयोजनेचा सुंदर वापर केला आहे' या वाक्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'गोष्ट वाचण्याच्या प्रसंगात लॉराला मिळणारा नकार सोफीच्या तोंडून येतो, अनिताच्या नव्हे, त्यामुळे यंत्राला दोष देण्याची सोय आईला उरत नाही आणि प्रेक्षकाची सहानुभूती दोघींत विभागली जाते.' येथे विधान तपासता येते आणि कोणी असहमतही होऊ शकते. विशेषणे जितकी कमी तितके बरे. कथासार पाच ओळींपेक्षा मोठे नसावे.

शक्य असल्यास शेवटी मूळ स्वीडिश मालिकेचा पहिला भाग उपशीर्षकांसह पाहावा आणि दोन रकान्यांचे तेच पान पुन्हा करावे. दोन्हींत नोव्हम एकच आहे, त्यामुळे डाव्या रकान्यात फारसा फरक पडत नाही. उजव्या रकान्यात जेथे जेथे नोंद बदलली, तेथे मिनिट आणि सेकंद लिहून खूण करावी; प्रकल्पाचे अखेरचे प्रकरण त्या खुणांवरून लिहिता येते.