जबड्याच्या ऑपरेशननंतर घरी या चुका टाळा

वरचा किंवा खालचा जबडा पुढे-मागे असेल, दात एकमेकांवर बसत नसतील, तर हाड कापून योग्य जागी आणतात आणि टायटॅनियमच्या छोट्या प्लेट-स्क्रूंनी पक्कं करतात. काही दिवसांत डिस्चार्ज मिळतो. घरी आल्यावर "फारसं दुखत नाहीये ना? मग झालं!" असं सगळेच म्हणतात, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातूनच जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, म्हणून तो भाग कित्येक आठवडे, कधी काही महिने बधिर राहतो. काहींचा थोडा बधिरपणा कायमचाही राहतो. तेव्हा दुखतंय की नाही, यावर काहीही ठरवू नका.

पहिला धोका चटक्याचा. वाफाळतं सूप बधिर ओठाला लागलं तरी कळत नाही, नंतर फोड दिसतो. देणाऱ्याने आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघावं, कोमट असेल तरच द्यावं. बधिर गालावर गरम शेक देण्याची घाईही नको. पहिले दोन दिवस बर्फच, तोही कापडात गुंडाळून, थोड्या थोड्या वेळाने काढत. शेक कधी सुरू करायचा ते डॉक्टर सांगतील.

दुसरी चूक म्हणजे लवकर चावायला लागणं. भेटायला आलेलं कुणीतरी हमखास सुचवतं, "दुधात पोळी कुस्करून द्या की, मऊच तर असते." पण ती चावावी लागतेच. हाड जुळून यायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. तोवर चावण्याचा जोर प्लेट आणि स्क्रूंवर येतो. आधी पातळ, मग न चावता गिळता येईल असं मऊ, ही पायरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओलांडू नका.

पातळ म्हणजे पाणचट नव्हे

सगळ्यात जास्त हाल इथे होतात. घरचे डाळीचं वरचं पाणी, नारळपाणी, लिंबू सरबत देत राहतात. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगात काही जात नाही. वजन भराभर उतरतं, चक्कर येते, रुग्ण चिडचिडा होतो. मूगडाळ-तांदळाची खिचडी अगदी गळेपर्यंत शिजवा, मिक्सरमधून काढा आणि बारीक गाळणीतून गाळा. पातळ करायला पाण्याऐवजी दूध, ताक किंवा सूप घाला, वर चमचाभर तूप. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, अख्खे जिरे नकोत. एक मोहरी ब्रेसेसच्या तारेत अडकली की काढता काढता जीव जातो. हिंग आणि जिरेपूड पुरे. टोमॅटोच्या बियाही गाळणीतच राहू द्या. नाचणीचं सत्व दुधात शिजवून, पनीर दुधात एकजीव वाटून, चालत असेल तर अंडं घातलेलं सूप, असं दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्यावं. नळी लावलेली सिरिंज किंवा सॉसची लवचिक बाटली सोपी पडते. स्ट्रॉने ओढायची परवानगी आहे का, ते मात्र आधी विचारून घ्या. समोर आरसा ठेवा, हनुवटीवरून ओघळलेलं कळतच नाही.

गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून सरसकट कुटून देऊ नका. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या.

रबर, नाक आणि रात्रीची उलटी

दातांना लावलेले रबर बँड नव्या जागेची सवय लावतात. खाताना त्रास होतो म्हणून मनानेच काढून ठेवू नका. काढायची मुभा असेल तर आधी मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे कुठून कुठे लावायचे याचा गोंधळ होत नाही.

वरच्या जबड्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरायचं नाही आणि शिंक दाबायची नाही. तोंड जितकं उघडतं तितकं उघडून शिंकावं. नाकातून काही दिवस जुनं काळपट रक्त येणं नेहमीचं आहे.

उलटीची भीती सगळ्यांना असते. पोटात फक्त पातळच असतं, त्यामुळे पुढे वाकलं की दातांच्या फटींतून ते बाहेर येतं. उताणं झोपवून ठेवणं मात्र चूक. झोपताना डोकं उशांनी उंच असावं, त्याने सूजही कमी राहते. जबडा तारांनी बांधला असेल तर अडचणीच्या वेळी कोणत्या तारा कापायच्या ते डिस्चार्ज घेतानाच विचारा आणि कटर उशाशी ठेवा.

दात घासायला घाबरून नुसत्या चुळा भरत राहणं टाळा. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि सांगितलेला माउथवॉश दोन्ही हवेत. तंबाखू, सिगारेट, गुटखा पूर्ण बंद. त्यांनी जखम भरायला उशीर होतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. त्या दिवसांत चेहरा बघून ऑपरेशन फसलं असं समजू नका, आणि घरच्यांनीही तोंडावर काही बोलू नये. मन आधीच खचलेलं असतं. पण उतरायला लागलेली सूज पुन्हा वाढली, ताप आला, पू किंवा घाण वास आला, दात अचानक वेगळे बसायला लागले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता फोन करा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा ताज्या लाल रक्ताची धार थांबत नसेल तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.