सम वाजवून थांबू नका

गेल्या वर्षी, नवरात्राच्या तालमी ऐन भरात असताना, बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या घरी मी सलग चार रात्री सिक्वेन्सरवर, म्हणजे वाजवलेलं साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, एकच लूप (फिरत राहणारा तुकडा) पुसून पुन्हा रेकॉर्ड करत होतो. केरवा तालाची दोन आवर्तनं, म्हणजे १६ मात्रा, चार-चार मात्रांचे ४ बार. वाजवताना सगळं सुरेख. लूप फिरायला लागला की मात्र चौथ्या बारनंतर दोन सेकंद नुसती शांतता. ढोलकवाले काका हात थांबवून माझ्याकडे बघत राहायचे. रडू यायचं अगदी.

चूक यंत्राची नव्हती, माझ्या सवयीची होती. आपल्याला लहानपणापासून सम वाजवून थांबायला शिकवलंय. तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) समेवर आली की हात उचलायचा, आणि मग मी स्टॉप दाबायचो. पण सम हा शेवट नसतो, ती पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा असते. माझ्या सिक्वेन्सरमध्ये एका मात्रेचे ९६ टिक्स, म्हणजे बारीक भाग, आहेत. १६ मात्रांचे १५३६, पण मोजणी शून्यापासून, म्हणून लूपचा शेवटचा टिक १५३५. मी वाजवलेली सम पडायची १५३६ वर. म्हणजे सतरावी मात्रा. यंत्र पूर्ण बारच मोजतं, त्यामुळे त्या एका ठोक्यासाठी ते अख्खा पाचवा बार जोडायचं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक बार म्हणजे बरोबर २ सेकंद. तीच ती शांतता!

तेव्हा लांबी आधी ठरवा. रेकॉर्डला हात लावण्यापूर्वी ४ बार टाका, एका बारचा काउंट-इन (रेकॉर्ड सुरू होण्याआधीची मोजणी) ठेवा, आणि स्टॉपचं बटण विसरा. तरी सवय सुटत नाही. आता ती जादा सम लूपच्या सुरुवातीला पडते आणि ओव्हरडब (आधीच्यावर नवं चढवत जाणं) चालू असेल तर पहिला ठोका दुहेरी होतो, जाड ऐकू येतो. सोळावी मात्रा झाली की हात मांडीवर ठेवा, खरोखर ठेवा. आठ-दहा दिवसांत जमतं, काळजी करू नका.

पेनड्राइव्हवर तयार लूप भरून देणारे भेटतील. घेऊ नका. ते लूप तुमच्या गायिकेच्या लयीत बसत नाहीत आणि तुम्ही मोजायला कधीच शिकत नाही. शिकायचंच असेल तर सिक्वेन्सरवाल्यापेक्षा तबलजीच्या शेजारी बसा, बोटांच्या पेरांवर मात्रा मोजताना बघा. माझं तरी त्यानेच सुटलं.

हींच, म्हणजे गरब्याचा सहा मात्रांचा ताल, घेताना टाइम सिग्नेचर (बारचं माप) ६/८ करा. ४/४ मध्येच ठेवली तर एका बारमध्ये आठ आठवे भाग आणि हींचेच्या मात्रा सहा. त्यांची गाठ पडते चोविसाव्यावर, म्हणजे ३ बारनंतर, हींचेची ४ आवर्तनं झाल्यावर. ४ बार ठेवलेत तर गरबा मधेच तुटणार.

आणखी एक. शेवटचा सूर दाबून धरू नका, लूपची सीमा येण्याआधी बोट उचला. नाहीतर नोट-ऑफ, म्हणजे सूर थांबवण्याचा संदेश, लूपच्या बाहेर राहतो आणि सूर तानपुऱ्यासारखा वाजतच राहतो. अडकलाच तर मिडीचा (यंत्र आणि वाद्यांमधल्या संदेशांची भाषा) कंट्रोल नंबर १२३, ऑल नोट्स ऑफ, म्हणजे सगळे सूर बंद, पाठवा. बहुतेक वाद्यं लगेच गप्प होतात. मग लूपमध्ये जाऊन त्या नोटेची लांबी कमी करा.