ओठावर ‘जर’ (तापाचा फोड) फुटलाय आणि घरात लहान मूल आहे? या चुका टाळा

मागच्या महिन्यात घोडबंदर रोडला एका बारशाला गेले होते. बाळ बारा दिवसांचं. नाव ठेवून झालं आणि जो तो त्याला उचलून पापे घेऊ लागला. एका मावशींच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका होता. "काही नाही गं, ताप फुटलाय," त्या म्हणाल्या. मी बाळ त्यांच्या हातून काढून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असणार, पण पुन्हा तसंच करीन.

हा जर, म्हणजे कोल्ड सोअर, अंगातली उष्णता बाहेर पडून येत नाही. हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतो. ताप, कडक ऊन, थकवा त्याला फक्त जागं करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना लहानपणीच लागलेला असतो, त्यामुळे यात लाजण्यासारखं काही नाही.

पण नवजात बाळाच्या बाबतीत हयगय नको. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत त्याची प्रतिकारशक्ती इतकी कोवळी असते की हाच विषाणू मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो. आपलं बारसं नेमकं याच दिवसांत येतं! फोड असलेल्याने तर बाळाचा पापा घेऊच नये. शिवाय फोड दिसत नसतानाही लाळेतून विषाणू कधीकधी बाहेर पडतो, म्हणून या काळात पाहुण्यांपैकी कुणीच तोंडाजवळ, हातांवर पापा घेऊ नये. आईबाबांनी हे आधीच सांगावं. बाळ सुस्त झालं, दूध ओढेनासं झालं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की जवळचे बालरोगतज्ज्ञ, लगेच गाठा.

आईच्याच ओठावर ‘जर’ फुटला, तर ती घाबरून अंगावर पाजणं बंद करते. तसं करू नका. स्तनावर फोड नसेल तर दूध चालतं. साबणाने हात धुवा, फोड झाका किंवा मास्क लावा.

"खपली धरली, आता चालेल" हीसुद्धा चूक. ओठ चुरचुरू लागल्यापासून जागा पूर्ण भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दहा दिवस, संसर्ग होऊ शकतो. पाणी भरलेल्या फोडांतून सर्वात जास्त. तेवढे दिवस उष्टा चमचा, ग्लास, टॉवेल, लिप बाम वेगळा ठेवा. मुलाला घास भरवताना आधी स्वतःच्या तोंडाने फुंकून, चाखून देऊ नका. फोडाला टूथपेस्ट किंवा घरात पडलेलं स्टेरॉइडचं मलम नको; असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा उपयोग होतो, तोही चुरचुर सुरू होताच वापरलं तरच.

नावांचा गोंधळही नडतो. तोंडाच्या आत पांढरट व्रण पडून "तोंड येतं", ते सहसा संसर्गाचं नसतं. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, तो वेगळा.

उलट टोकही पाहिलंय: ओठावर फोड असलेल्या मुलाला सोसायटीत कुणी खेळायला घेईना. कुशीत घेणं, एका बाकावर बसणं, चेंडू खेळणं, यात काळजीचं कारण नाही. विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, साबणाने मरतो. तोंडात घातलेली खेळणी मात्र धुवा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा संसर्ग झाला, तर कधीकधी ताप येतो, हिरड्या सुजतात, लाळ गळते आणि ते पाणीसुद्धा नाकारतं. थंड पेज, ताक, पाणी घोटघोट देत राहा. लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे न्या. अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या बोटावर फोड येऊ शकतात. मुलाला एक्झिमा (इसब) असेल आणि त्या जागी एकाएकी फोड उठले, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी दाखवा.