कुठला पार्ट कशाला लावलाय? काढून बघा

‘रेझिस्टर अडवतो, कपॅसिटर साठवतो’ हे पाठ करून सर्किट कळत नाही. सांगलीत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी एकच विचारतो: हा पार्ट काढला तर काय बिघडेल? ते सांगता आलं की पार्ट कळला.

ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता पार्ट खोचायची भोकांची पाटी), मल्टिमीटर आणि 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. 230 व्होल्टची बाजू आधी टेप मारून झाकायची.

रेझिस्टर: 9 व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी स्वतः 2 व्होल्ट घेतो, उरलेले 7 व्होल्ट 1 किलोओहमवर पडतात. रेझिस्टर काढून एलईडी थेट बॅटरीला जोडलात तर तो गेलाच.

डायोड: करंट एकाच दिशेने जाऊ देतो. चार डायोडांची (1एन4007) चौकोनी जोडणी म्हणजे ब्रिज, तो ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या एसीच्या दोन्ही लाटा एकाच दिशेला वळवतो.

आता कपॅसिटर. इथे मी स्वतः बरेच दिवस अडलो होतो. ब्रिजपुढे 150 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून, म्हणजे करंट खाणारा म्हणून, लावा आणि डीसी व्होल्ट मोजा. साधारण साडेनऊ दिसतील. मग 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. काटा थेट पंधराच्या आसपास जातो. हे जास्तीचे व्होल्ट आले कुठून?

कुठूनच नाही. 12 हा एसीचा आरएमएस आकडा, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतका. लाटेचं टोक 17 पर्यंत जातं. दोन डायोडचे 1.4 वजा केले की साडेपंधरा. कपॅसिटर नसताना मीटर लाटेची सरासरी दाखवत होता. कपॅसिटर टोकाला भरतो आणि पुढची लाट येईपर्यंतचे 10 मिलिसेकंद लोडला तोच पुरवतो. तेवढ्यात जेमतेम 1 व्होल्ट उतरतो. 100 मायक्रोफॅरडचा लावून बघा, लोडला पुरत नाही.

म्हणूनच ‘12 व्होल्टला 16 व्होल्टचा कपॅसिटर चालतो’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मी तो ऐकला होता. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या, लाईनचं व्होल्टेज चढलं आणि सकाळी कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. 25 व्होल्टच्या खाली घेऊच नका. पांढऱ्या पट्ट्याची बाजू मायनसला. उलटा लागला तर फुटतो, पहिल्यांदा चालू करताना तोंड लांब ठेवा.

ट्रान्झिस्टर: पाण्याच्या टाकीतल्या सेन्सरचा करंट रिले (कॉईलने चालणारा स्विच) ओढायला पुरत नाही, बीसी547 हा ट्रान्झिस्टर तेवढ्यावर रिले चालवतो.

त्या रिलेच्या कॉईलवर उलटा जोडलेला डायोड मात्र काढून बघू नका. रिले सुटताना कॉईल उलट्या दिशेने मोठा झटका मारते, आणि ट्रान्झिस्टर जातो.