डिप्रेशनची गोळी लागू पडत नाही? धीर सोडण्याआधी या चुका टाळा

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, बहिणींची गाणी चाललेली, आणि मी माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेली. आजीनं डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "तुले काय कमी शे, माय?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा माझ्या पर्समध्ये दुसऱ्या गोळीची पट्टी होती आणि पहिलीसारखी हीसुद्धा फुकट जाणार, अशी माझी खात्री झाली होती.

मला लागू पडणारी गोळी तिसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्या चिठ्ठीपासून तिथवर चौदा महिने गेले. त्यातले जवळजवळ नऊ महिने आजाराने नाही, चुकांनी खाल्ले. मी डॉक्टर नाही, अमळनेर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचं. पण योग्य गोळी सापडेपर्यंतच्या काळात माणूस कुठे अडखळतो, ते मी जवळून पाहिलंय.

दहा दिवसांत निकाल लावणं

डोकं दुखलं की गोळी घ्यायची आणि तासाभरात बरं वाटायचं, याची आपल्याला सवय आहे. डिप्रेशनच्या गोळीचं गणित उलटं असतं. त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकतो आणि गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. पुरेसा डोस सहा ते आठ आठवडे पोटात गेल्याशिवाय ती गोळी चालली की नाही, हे नीट कळत नाही.

मला पहिल्या गोळीनं मळमळ झाली, पोट बिघडलं, रात्री डोळ्याला डोळा लागेना. नवव्या दिवशी मी ती कोणालाही न विचारता बंद केली आणि "आपल्यावर गोळ्या चालत नाहीत" हे मनाशी पक्कं करून नऊ महिने डॉक्टरकडे फिरकलेच नाही. खरं तर त्या गोळीची परीक्षाच झाली नव्हती. रावेर-यावलकडे केळीला अकरा-बारा महिने लागतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कंद लावून दुसऱ्या आठवड्यात कोणी घड शोधत नाही. पण स्वतःच्या बाबतीत मला ते सुचलं नाही.

मळमळ, जुलाब, डोकेदुखी हे त्रास बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतात. तोवर डॉक्टरांना विचारून बारीक बदल करता येतात. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यायची, झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. डोस अर्ध्यापासून सुरू करून हळूहळू वाढवता येतो. काही त्रास मात्र आपोआप जात नाहीत. शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं हा त्यातला एक, आणि आपल्याकडे तो कोणी बोलून दाखवत नाही. लाजून गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय असतात, आणि तेवढ्यासाठी गोळी बदलताही येते.

पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारून घ्या. फरक साधारण कधी दिसेल? आणि कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा? अंगावर पुरळ उठलं, जागेवर बसवेना इतकी अस्वस्थता आली, किंवा झोप न घेताही जोर चढला आणि बोलणं थांबेना, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

"माझ्यातच खोट आहे" असं धरून चालणं

पहिली गोळी न चालणं ही नेहमीची गोष्ट आहे. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर 'स्टार-डी' नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. पहिल्या औषधावर लक्षणं जवळपास पूर्ण गेली ती साधारण तिघांपैकी एकाची. उरलेल्यांतल्या आणखी काहींना दुसरं औषध दिल्यावर किंवा पहिल्याला जोड दिल्यावर बरं वाटलं. पुढच्या टप्प्यांवरच्या आकड्यांबद्दल संशोधकांत नंतर वाद झाले. पण ज्याला पहिल्या गोळीनं गुण आला नाही तो एकटा नाही, हे त्यातून स्पष्ट होतं.

कोणाला कोणती गोळी लागू पडेल हे खात्रीनं सांगणारी रक्ततपासणी अजून आलेली नाही. झोप कशी आहे, भूक कशी आहे, वय काय, हृदय-मधुमेहाचं काही आहे का, घरात कोणाला पूर्वी कशानं गुण आला होता, असं सगळं पाहून डॉक्टर निवड करतात आणि मग वाट पाहतात. या औषधांची सुरुवातही अशीच अवचित झाली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड हे टीबीचं औषध दिलं जात होतं. त्या औषधानं रुग्णांचे चेहरे खुलले, त्यांना भूक लागू लागली, ते उत्साहानं वावरू लागले. त्यातूनच डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांपैकी एक पुढे आलं. हे वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला. करून बघणं आणि नोंद ठेवणं ही इथली जुनीच रीत आहे.

वही न ठेवणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. डिप्रेशन आठवणीसुद्धा काळ्या करून टाकतं. डॉक्टर विचारतात, "महिना कसा गेला?" आणि आपण म्हणतो, "तसाच." त्या महिन्यात दोन दिवस आपण अंगणात बसून चहा घेतलेला असतो, पण तो आठवत नाही. मग डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही आणि पुढचा निर्णय अंदाजानं होतो.

दुसऱ्या गोळीच्या वेळी मी शाळेतली एक जुनी वही घेतली. तारीख, गोळी आणि डोस, झोप किती तास, भाकरी किती खाल्ली, अंथरूण किती वाजता सोडलं, आणि मनाला शून्य ते दहापैकी एक आकडा (जितका जास्त तितकं मन बरं). एवढंच, दोन ओळींत. ज्या दिवशी लिहायचीही ताकद नसेल त्या दिवशी फक्त आकडा. जास्त लिहायचं ठरवलंत तर आठवड्यात वही बंद पडेल. दर दोन आठवड्यांनी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची चाचणी भरायची. ती मराठीत मिळते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि जितके जास्त तितका आजार तीव्र. सुरुवातीचे गुण निम्म्यावर आले तर गोळी काम करतेय, ५ च्या खाली आले तर आजार जवळपास गेला, असं डॉक्टर मोजतात.

आणि घरातल्या एका माणसाला सांगायचं की, तूही एक ओळ लिही. बऱ्याचदा झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून येतं, आणि बदल आपल्याआधी दुसऱ्याला दिसतो. मी सलग पाच दिवस "काही फरक नाही" लिहिलं होतं. त्याखाली नवऱ्याच्या अक्षरात होतं, "आज वरणाला फोडणी देताना गुणगुणत होती."

दुसऱ्या गोळीचे माझे आकडे असे आहेत: २, २, ३, ३, ४, आणि मग चारवरच अडकलेले. वही नसती तर मी "शून्य फरक" म्हणून मोकळी झाले असते. तो चार पाहून डॉक्टर म्हणाले, ही गोळी थोडी चालतेय, आधी डोस वाढवून बघू. वाढवला, तरी आकडा हलेना आणि घाम व झोपेचा त्रास वाढला, तेव्हा विचार करून गोळी बदलली. ती गोळी वाया गेली असं मला आज वाटत नाही. तिच्यामुळे पुढची निवड करायला डॉक्टरांना धागा मिळाला.

एक पथ्य पाळा. एका वेळी एकच बदल करायचा. त्याच आठवड्यात गोळी बदलली, काढा सुरू केला आणि चहा सोडला, तर कशानं काय झालं ते देवालाही कळणार नाही.

बरं वाटलं की मनानं बंद करणं

सासूबाईंनी प्रेमानंच विचारलं होतं, "आते बरं वाटस ना? मंग गोया काब्र खास?" म्हणजे, आता बरं वाटतंय ना, मग गोळ्या कशाला खातेस? घराघरांत हा प्रश्न येतो. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर आणखी जास्त काळ.

अचानक तोडली की चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असे प्रकार होऊ शकतात. व्हेनलाफॅक्सिन, पॅरोक्सेटिन यांच्या बाबतीत जास्त, फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश जात असल्यानं तिच्या बाबतीत कमी. लोक याला "गोळीची सवय लागली" म्हणतात. पण या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. शरीराला सावकाश उतरायला वेळ हवा असतो, म्हणून डोस टप्प्याटप्प्यानं कमी करायचा.

सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांची. त्या लगेच बरं वाटवतात, म्हणून अनेकजण खरी गोळी सोडून मेडिकलवरून त्याच गोळ्या आणत राहतात. त्यांनी डिप्रेशन जात नाही. आणि त्या बऱ्याच दिवसांपासून चालू असतील तर त्याही एकदम बंद करायच्या नाहीत.

तालुक्याच्या गावाला गोळी संपली आणि एसटी चुकली असं होतंच. आठवडाभराचा साठा हाताशी असू द्या. जनऔषधी केंद्रात यातल्या बऱ्याच गोळ्या स्वस्तात मिळतात.

गोळीला दोष देण्याआधी बाकीचं न तपासणं

थायरॉइड मंदावलं, रक्त कमी असलं किंवा बी-१२ हे जीवनसत्त्व घटलं तरी थकवा आणि उदासी डिप्रेशनसारखीच दिसते. माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ कडे मुद्दाम लक्ष द्यावं. रोज दारू पोटात जात असेल तर कोणतीही गोळी नीट चालत नाही. पूर्वी कधी चार-चार दिवस झोपेशिवाय उत्साहात गेले असतील, पैसे उधळले असतील, तर ते डॉक्टरांना सांगाच. कदाचित तो बायपोलर आजार (कधी अति उत्साह, कधी उदासी) असू शकतो आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी उलटू शकते.

कंबरदुखीवर मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची पट्टीही दाखवा. ट्रॅमॅडॉल आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या एकत्र घेणं धोक्याचं ठरू शकतं. भगताच्या अंगाऱ्यावरून मी घरात भांडले नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी कपाळाला लावून घेतला. पोटात घ्यायच्या पुड्यांना मात्र नाही म्हटलं.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोणाला लिथियम (मनाचे चढउतार आटोक्यात ठेवणारं औषध) चालू असेल तर घामानं पाणी-मीठ कमी होऊन रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बऱ्याच गोळ्यांच्या पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. पत्र्याच्या घरात त्या खिडकीत ठेवू नका, माठाजवळच्या थंड कोपऱ्यात कोरड्या डब्यात ठेवा.

दोन गोळ्यांनंतर वाट संपली असं समजणं

दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही उपयोग झाला नाही तर डॉक्टर उपचारांना दाद न देणारं डिप्रेशन म्हणतात. शब्द भीतीदायक आहे, पण तिथून पुढेही बरंच असतं. औषधाला दुसऱ्याची जोड, लिथियम, चुंबकीय लहरींचा उपचार, ईसीटी. "शॉक" म्हणून ज्याची भीती वाटते ती ईसीटी भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय द्यायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं बंदी आहे. समुपदेशनही यातच धरा. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गावातल्या साध्या माणसांना शिकवून डिप्रेशनच्या रुग्णांशी ठरावीक पद्धतीनं बोलायला बसवलं, आणि त्याचा उपयोग झाला. दुसरं मत हवं असेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत.

मरणाचे विचार लपवणं

आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, त्यामुळे घरात हा शब्द जपून उच्चारतात. पण विचार मनात आले तर जपून बसू नका, बोला. गोळीच्या पहिल्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे, घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. फवारणीचं सगळं सामान काही महिने भावाकडे किंवा शेजारच्या शेतात कुलपात ठेवायचं. आमच्या घरी ते सासऱ्यांनी एका शब्दानंही न विचारता केलं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात वाटत असेल तर रुग्णाला एकटं न सोडता थेट सिव्हिलला न्या.

तिसरी गोळी जुलैच्या सुरुवातीला चालू झाली. वहीत पहिले तीन आठवडे २ आणि ३ च आहेत, चौथ्यात एकदा ४. श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी, आली त्या रविवारच्या आदल्या दिवशीच्या पानावर माझा आकडा आहे ५. त्याखाली नवऱ्यानं लिहिलंय, "कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण हिनं स्वतः जाऊन आणलं."